रंग नवा, धूळ जुनी

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला आधी रायगडातलं, धबधब्यांचं कर्जत आठवतं. हे ते नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, भीमा आणि सीना या नद्यांमधलं, ज्वारीचं कर्जत. पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात पडणारा. त्यामुळे भिंतींत मुरलेली ओल दिवाळीपर्यंत पुरती सुकलेली नसते. दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे संक्रांतीच्या आत पोपडे सुटतात, हा इकडच्या प्रत्येक घराचा अनुभव. म्हणून घराचं मोठं रंगकाम निघतं ते तुळशीच्या लग्नानंतर. हवा कोरडी, ऊन मऊ, लग्नसराई तोंडावर आणि पेंटरच्या तारखा मिळायला मारामार.

एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. जोडपं कल्पनेतलं आहे, पण प्रत्येक आळीत सापडेल असं. तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांची दुरुस्ती रात्री उशिरापर्यंत चालते. ती घरीच शिलाई करते. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग संपत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत, वाटणीला जुन्या घराच्या दोन खोल्या आल्या आहेत आणि तिला चौथा महिना लागला आहे. पेंटर परवडत नाही, म्हणून दोघांनी ठरवलं आहे की या हिवाळ्यात रोज थोडं थोडं करत घर आपणच रंगवायचं. माळ्यावरून सासूबाईंनी नवऱ्याच्याच बारशाचा लाकडी पाळणा खाली काढला आहे. त्यावरचा पिवळा-हिरवा ऑइल पेंट जागोजागी उडाला आहे, तोही घासून नवा करायचा आहे.

अशा घरात आरोग्याची काळजी कुणाला वाटली तर ती रंगाच्या वासाची वाटते. "अगं, तू त्या वासात थांबू नकोस," असं शेजारीणही सांगून जाते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. वास नाकाला कळतो, डोकं दुखवतो आणि खिडक्या उघडल्या की काही दिवसांत बराचसा निघून जातो. ज्याला वास नाही, रंग नाही आणि जे हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं, ते नव्या डब्यात नसून जुन्या रंगात असतं. ते घरभर पसरतं नवा रंग देण्याआधी, म्हणजे खरवडताना, घासताना आणि मग झाडताना. त्याचं नाव शिसं.

रंगात शिसं कशाला घालत होते? कारण ते कामाचं होतं. शिशाच्या पांढऱ्या संयुगाने रंग भिंत झाकतो, लवकर वाळतो, ओलीला दाद देत नाही. लेड क्रोमेटमुळे झगझगीत पिवळा मिळतो, त्यात निळा मिसळला की हिरवा. लोखंडाला गंज धरू नये म्हणून जो नारंगी-लाल शेंदरी रंग लावत, तो शिशाचाच ऑक्साइड. देवाला फासायचा पारंपरिक शेंदूरही तोच. याशिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून त्यात घालायच्या द्रवांतही शिशाची संयुगं असत. मातीच्या, पांढरी माती पोतारलेल्या किंवा चुन्याच्या भिंतीत हा धोका सहसा नसतो. तो असतो ऑइल पेंटमध्ये: दारं, चौकटी, खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, लोखंडी कपाट, लाकडी देव्हारा, पाळणा.

हे कळायला जगाला फार उशीर झाला असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जॉन लॉकहार्ट गिब्सन नावाच्या नेत्रतज्ज्ञांकडे लहान मुलं येत. कुणाची नजर गेलेली, कुणाचे हातपाय लुळे. शिशाची विषबाधा आहे हे उघड होतं. ते येतं कुठून हे कळत नव्हतं. १९०४ साली गिब्सन यांनी बोट दाखवलं ते घरांच्या व्हरांड्यांकडे. तिथल्या लाकडी कठड्यांचा रंग उन्हाने पिठूळ व्हायचा, तो खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागायचा आणि हात तोंडात जायचे. त्यांचं म्हणणं पटायला बराच काळ गेला. क्वीन्सलँड प्रांतात कायदा झाला तो १९२२ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाला मनाई करणारा करार मांडला. उद्योग म्हणून चालणाऱ्या रंगकामात जिथे पांढरं शिसं वापरावं लागेल, तिथे स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये, असंही त्यात लिहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वी पगारी कामगार स्त्रीचा विचार झाला होता. घरच्या घरी दार खरवडणाऱ्या बाईचा विचार अजूनही कुणी करत नाही, कारण ते 'काम' आहे असं कुणाला वाटतच नाही.

आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा घालणारा नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी जाहीर झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मर्यादा ९० पीपीएमची. म्हणजे वाळलेल्या एक किलो रंगात ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्याला लागू होतो, तुमच्या दाराला नाही. त्या दारावर आजोबांच्या काळापासूनचे पाच-सहा थर एकमेकांवर बसलेले असतात आणि प्रत्येक थराला आपापला काळ असतो. नियमाआधी आपल्या बाजारातल्या ऑइल पेंटचे जे नमुने तपासले गेले, त्यांत कित्येकदा हजारो पीपीएम शिसं सापडलं होतं, पिवळ्या रंगात तर विशेष. नियमानंतरही दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेला छोट्या उत्पादकांच्या काही डब्यांत मर्यादेबाहेर शिसं आढळलं.

आणखी एक पळवाट आहे आणि ती आपल्या जोडप्याच्या घरातूनच जाते. नियम घरगुती रंगापुरता आहे. ट्रॉली, टँकर, शेतीची अवजारं यांना लागणारे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. ट्रॉली रंगवून डबाभर पिवळा उरला, तर तो वाया कशाला घालवायचा म्हणून घरी येतो आणि फाटकाला, खिडकीच्या गजांना, कधी पाळण्यालाही लागतो. रंग पक्का, फुकटचा आणि दिसायला झकास. तो डबा दुकानातच राहू द्यावा.

आता पोपड्याचा हिशेब करून पाहू. नखाएवढा, म्हणजे साधारण एक चौरस सेंटिमीटरचा, जुन्या ऑइल पेंटचा पापुद्रा घ्या. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली तर त्याचं वजन सुमारे १५ मिलिग्रॅम भरेल. त्यात शिसं फक्त एक टक्का आहे असं मानलं, तरी ते १५० मायक्रोग्रॅम झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या आहारातल्या शिशासाठी जी संदर्भ पातळी ठरवली आहे, ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमची. नखाएवढ्या एका पापुद्र्यात साठ-सत्तर दिवसांचं शिसं मावतं. त्यात पोपडा निदान डोळ्यांना दिसतो आणि उचलता येतो. कोरड्या दारावर पॉलिश पेपर फिरवला की त्याच पापुद्र्याचं पीठ होतं. ते हवेत तरंगतं, श्वासात जातं, मशीनवरच्या ब्लाउजपिसांवर बसतं, पाण्याच्या माठावर बसतं आणि संध्याकाळी केरसुणीने झाडलं की पुन्हा उठतं.

शरीरात गेल्यावर शिसं एक सोंग घेतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण त्यातला काही भाग बाहेर पडतो आणि काही हाडांत जाऊन बसतो. प्रौढ माणसाच्या अंगातल्या शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांत असतं आणि तिथे ते दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतं. मग बाई गरोदर राहते. पोटातल्या बाळाची हाडं घडवायला कॅल्शियम लागतं आणि आहारातून पुरेसं मिळालं नाही तर ते आईच्या हाडांतून निघतं. त्याच्यासोबत शिसंही निघतं. वार शिशाला अडवत नाही. म्हणजे आईने आज दार घासलं तरी शिसं बाळापर्यंत पोचतं आणि लहानपणी आपल्याच घराचे पोपडे चघळले असतील तरी पोचू शकतं. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ यांचा शिशाशी संबंध अभ्यासांतून दिसलेला आहे.

बाळ जन्मल्यावर धोका कमी होत नाही, उलट वाढतो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहाएक टक्के रक्तात उतरतं; लहान मुलात हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. त्यात मूल रांगतं, जमिनीवरची धूळ हाताला आणि हात तोंडाला. मेंदू घडत असतानाच शिसं त्यात लुडबुड करतं. मूल आजारी दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. बोलायला, शिकायला थोडं मागे पडतं, चिडचिडं होतं, एका जागी लक्ष लागत नाही, आणि घरात म्हणतात, "बापावर गेलंय." जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालाने जगातल्या तीन मुलांमागे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा अंदाज मांडला. ही मुलं सुमारे ८० कोटी होतात आणि त्यांत भारतातल्या मुलांची संख्या सर्वांत मोठी आहे. अर्थात ते सगळं रंगातून आलेलं नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे उद्योग, काही भांडी, भेसळीचे मसाले असे त्याचे अनेक रस्ते आहेत. लग्नसराई आहे म्हणून सांगतो, दारावरचा पिवळा देणारं लेड क्रोमेटच हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणूनही लावलं जातं. बांगलादेशात २०१९ मध्ये हे संशोधनातून उघड झाल्यावर तिथल्या सरकारने बाजारावर छापे घातले होते. हळद घरी दळून घेणारी आजी उगाच हट्टी नव्हती.

मग काय, घर रंगवायचंच नाही? रंगवायचं. फक्त कामाचा क्रम आणि वाटणी बदलायची.

आपल्याकडे रंगकामात साधारण असं होतं. घोड्यावर चढून ब्रश मारणं हे 'खरं' काम, ते पुरुषाचं. खरवडणं, घासणं, खालचे पोपडे गोळा करणं, रोज संध्याकाळी झाडून खोली पुन्हा राहण्याजोगी करणं हे किरकोळ काम, ते बाईचं. तो दिवसभर दुकानात असतो, ती घरात असते. तेव्हा दुपारी चार ब्लाउज हातावेगळे झाले की "तेवढं दार घासून ठेवते" असं तिला वाटणं स्वाभाविक आहे. पण जोखमीच्या दृष्टीने पाहिलं तर हे किरकोळ कामच सर्वांत घातक आहे. चौथा महिना असलेल्या बाईने नव्या प्लास्टिक पेंटचा ब्रश हवेशीर खोलीत, घोड्यावर न चढता, थोडा वेळ फिरवला तर एक वेळ चालेल. जुना ऑइल पेंट तिने खरवडू नये, झाडूही नये. तो घासत असताना त्या खोलीतच काय, शक्यतो त्या घरात असू नये. शेजारी, माहेरी, देवळात, कुठेही. लहान मुलांनाही हेच लागू.

त्याच्यासाठीही सांगायला हवं, कारण शिसं पुरुषाला सोडत नाही. रक्तदाब, मूत्रपिंडं, वीर्याची प्रत या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. घासलेल्या कपड्यांनिशी जेवायला बसणं, त्याच हाताने तंबाखू मळणं, तेच कपडे बाळंतिणीच्या कपड्यांत धुवायला टाकणं ही शिसं घरभर नेण्याची खात्रीची साधनं आहेत.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा जुना थर काढायची गरज आहे का? रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे नसतील, तर तो खरवडू नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि वरून अस्तर मारून नवा रंग द्या. शिसं आत दाबून ठेवणं हा पुष्कळदा काढण्यापेक्षा चांगला उपाय असतो. मात्र जिथे दार चौकटीला घासतं, खिडकीची झडप अडकते, तिथे वरचा रंग निघून खालचा पुन्हा भुगा होतो. तेवढ्या जागा दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

काढावाच लागला तर पाणी मारून घासायचं. पाणकागद, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पृष्ठभाग फवाऱ्याने ओला ठेवायचा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा, दार शक्य असेल तर बिजागऱ्या सोडवून अंगणात न्यायचं. सामान, माठ, मशीन, कापड आधीच बाहेर किंवा झाकून ठेवायचं. विजेच्या घासण्याच्या यंत्राचा मोह टाळावा. त्याने काम तासाभरात होतं आणि धूळ शेजाऱ्यांपर्यंत जाते. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची जुनी पद्धत तर नकोच, कारण तापल्यावर शिशाचा धूर होतो. तोंडाला रुमाल बांधून अशी बारीक धूळ अडत नाही. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेला एन-९५ मास्क निदान वापरावा. काम संपल्यावर केरसुणी बाजूला ठेवून ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, हात-तोंड साबणाने धुऊन, अंघोळ करून मग चहा. भिंतीचं सिमेंट प्लास्टर किंवा लांबी, म्हणजे हल्लीची पुट्टी, घासतानाही हाच नियम पाळावा. तिथे शिसं नसलं तरी प्लास्टरच्या वाळूतली सिलिका फुप्फुसाला चांगली नाही.

निघालेले पोपडे कुठे टाकायचे? तुळशीच्या कुंडीत नको, परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात नको. शिसं मातीतून कुठेही जात नाही, तिथेच राहतं आणि कोंबड्या, पोरं तिथेच उकरतात. जाड पिशवीत बांधून, घराच्या रोजच्या ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यावं.

या हिवाळ्याची खास अशी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घराचं काम निघालं की जुन्या चौकटी, फळ्या, मोडकं कपाट असं रंगीत लाकूड साठतं. पहाटे अंघोळीचं पाणी तापवायला बंब असतो, चूल असते, दारात शेकोटी असते. कोरडं, जुनं सागवान! धडाडून पेटतं. त्यावरच्या रंगातलं शिसं काही धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं. ती राख भांडी घासायला वापरली, झाडांना घातली की ते पुन्हा हाताशी आलं. रंग दिलेलं लाकूड जाळू नये. पाणी कितीही गार असलं तरी.

नव्या रंगाच्या वासाकडे आपण सुरुवातीला काणाडोळा केला, त्याचाही हिशेब चुकता करू. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, थिनर यांतून उडणाऱ्या बाष्पांनी डोकं दुखतं, मळमळतं, दमेकऱ्याचा दमा उफाळतो. पिढीजात रंगाऱ्यांसाठी गोष्ट अधिक गंभीर आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायालाच कर्करोगकारक ठरवलं आहे, मुख्यतः फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगांमुळे. घरातल्या एका हिवाळ्याचं काम म्हणजे व्यवसाय नव्हे, पण गरोदर बाईने थिनरपासून लांब राहावं हे बरं. भिंतींना पाण्यातला रंग चालतो, तोच घ्यावा.

इथे थंडी आडवी येते. कर्जतला डिसेंबर-जानेवारीत दुपार उबदार असली तरी पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पाण्यातला रंग वाळतो म्हणजे नुसतं पाणी उडत नाही; त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. फार गारठ्यात हे कण नीट जुळत नाहीत आणि महिन्याभरात भिंतीला हात लावला की पांढरं पीठ लागतं. ऑइल पेंटचं बाष्पही थंडीत हळू उडतं, म्हणून वास जास्त दिवस रेंगाळतो. तेव्हा रंगाचा हात सकाळी दहानंतर द्यावा, दुपारी तीन-चारच्या सुमारास आटोपावा. संध्याकाळी दुकानातून आल्यावर बल्बच्या उजेडात दिलेला हात चुकीच्या वेळेचा असतो, हे कितीही गैरसोयीचं असलं तरी खरं आहे. रविवार आणि आठवडी सुट्टी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. रात्री त्या खोलीत झोपू नये. वास जावा म्हणून कापलेला कांदा, पाण्याची बादली, अगरबत्ती यांचा उपयोग नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं एवढाच उपाय आहे. आणि खोली लवकर वाळावी म्हणून दार लावून आत कोळशाची शेगडी पेटवणं हे तर जिवावर बेतू शकतं. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ताकदीने चिकटतो आणि त्याला वास नसतो. हीच शेगडी पुढे बाळंतिणीच्या बाजेखाली, खिडक्या बंद करून ठेवली जाते, तेव्हाही.

राहिला चुना. स्वस्त, शिसं नसलेला, जंतूंना नकोसा वाटणारा. ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यात बुरशी-जंतू टिकत नाहीत. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो आणि ती तीव्रता ओसरते. मातीच्या किंवा दगडी जुन्या भिंतीला चुन्याइतकं मानवणारं दुसरं काही नाही, कारण तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. पण हाच चुना डोळ्यात गेला तर ॲसिडपेक्षा वाईट. ॲसिडने वरचा थर गोठतो आणि ते बरंचसं तिथेच अडतं. अल्कली आत आत जात राहते आणि चुन्याचे कण पापणीखाली चिकटून जळत राहतात. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो आणि उडतो, म्हणून कळी पाण्यात हळूहळू टाकायची, तोंड लांब ठेवायचं, आणि छताला चुना मारताना डोळ्यांवर वेल्डिंगच्या दुकानातला साधा पारदर्शक चष्मा चढवायचा. डोळ्यात गेलाच तर डॉक्टरांकडे निघण्याआधी तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याची धार धरायची, पापणी उलटून, किमान अर्धा तास. दूध नको, तूप नको, गुलाबपाणी नको. मग गाडी.

पाळण्याचं काय? सासूबाईंचा जीव त्यात अडकलेला आहे आणि तो फेकून द्या असं सांगायची हिंमत या स्तंभातही नाही. पण त्याचा कठडा म्हणजे दात येणाऱ्या बाळाचं पहिलं खेळणं, आणि तिथे वरून नवा रंग देऊन भागत नाही. बाळ कुरतडतं, आणि नवा थर गेला की जुना येतो. सुतार रंध्याने वरचा थर काढून देऊ शकतो, पण तीही धूळच. ते काम घराबाहेर, मास्क लावून, आणि तो भुसा गोळा करून व्हायला हवं. तेवढं जमत नसेल तर पाळण्यात हळदी-कुंकू लावून, बारशाला बाळाला पाच मिनिटं घालून फोटो काढावा आणि रोजच्या झोपेसाठी साडीची झोळी बांधावी. झोळीत कसलाही रंग नसतो.

आधीच बरंच घासून झालं असेल, घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल, तर घाबरून जाण्यापेक्षा डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी विचारावी. मोठ्या प्रयोगशाळा नमुना घेऊन ती करून देतात. आकडा ५ किंवा त्याहून जास्त आला तर पहिला उपाय औषध नसतो. शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवणं हा असतो. शिसं बाहेर काढणारी औषधं आहेत, ती बहुधा खूप वरच्या आकड्यांसाठी, मुलांमध्ये साधारण ४५च्या पुढे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आहाराची मदत मात्र सगळ्यांना होते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगणवाडीतून, आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात पडून असतील तर त्या आजपासून सुरू कराव्यात. दोन्ही एका वेळी घेऊ नयेत, मध्ये काही तास जाऊ द्यावेत.